संदर्भसूची दुरुस्त केली तरी पुन्हा बिघडते: झोटेरोमधल्या ऑनलाइन जर्नलच्या नोंदी कशा सुधाराव्यात

वर्डमध्ये संदर्भसूची हाताने नीट लावायची, फाईल सेव्ह करायची, आणि दुसऱ्या दिवशी एक नवा संदर्भ टाकला की जुन्या चुका जशाच्या तशा परत हजर. कुठे जर्नलच्या नावाऐवजी वेबसाइटचे नाव, कुठे वर्षाच्या जागी 'एन.डी.', कुठे लेखकाच्या आडनावाच्या जागी त्याच्या वडिलांचे नाव. छत्रपती संभाजीनगर असो, नांदेड असो की परभणी, प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की हा प्रश्न हमखास निघतो.

मूळ एकच आहे. चूक दिसते वर्डमध्ये, पण बसलेली असते झोटेरोच्या, म्हणजे संदर्भ साठवून सूची तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नोंदीत. झोटेरो दर रिफ्रेशला नोंदी वाचून सूची नव्याने लिहितो, त्यामुळे सूचीत हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते. म्हणून सूचीत खाडाखोड करू नका. नोंद उघडा, तिथे सुधारा, मग वर्डमधल्या झोटेरो टॅबवर रिफ्रेश दाबा.

खाली दिलेली बटणांची नावे २०२४ मध्ये आलेल्या झोटेरो ७ ची आहेत. मेंडेली हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही कारणे बहुतेक तीच लागू पडतात, कारण दोन्ही सॉफ्टवेअर सीएसएल याच पद्धतीच्या स्टाइल (संदर्भ कसा छापायचा ते सांगणाऱ्या फाईली) वापरतात. जुने मेंडेली डेस्कटॉप सप्टेंबर २०२२ पासून नव्याने डाउनलोड करता येत नाही. अजून त्यावरच काम चालू असेल तर प्रबंध अर्धा होण्याआधी लायब्ररी झोटेरोत किंवा मेंडेली रेफरन्स मॅनेजरमध्ये हलवलेली बरी.

एकच नोंद बिघडली आहे की सगळ्या?

हे आधी पाहा, अर्धे काम इथेच होते. एकच चूक सगळ्या नोंदींत असेल, उदाहरणार्थ सगळीकडे खंडाचा आकडा आहे पण अंकाचा नाही, तर प्रश्न स्टाइलचा किंवा सेटिंगचा आहे. काही ओळी बरोबर आणि काही चूक असतील तर त्या चुकलेल्या नोंदीच तपासायच्या, स्टाइल बदलून काही होणार नाही. स्टाइल बदलत बसणे हा या कामातला सर्वांत मोठा वेळखाऊ प्रकार आहे.

स्टाइलवर शंका असेल तर खात्रीची एक नोंद टाकून पाहा. झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या चित्रावर क्लिक करा आणि हा डीओआय (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) टाका: १०.१०३८/१७१७३७ए०. अंक इंग्रजीत लिहायचे आणि 'ए' हे इंग्रजी लहान अक्षर. हा वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा, नेचरमधला १९५३ चा निबंध. कोऱ्या वर्ड फाईलमध्ये एपीए ७ (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भपद्धतीची सातवी आवृत्ती) निवडून तो उद्धृत करा. सूचीत १९५३, नेचर, खंड १७१, कंसात अंक ४३५६, पाने ७३७–७३८ आणि शेवटी डीओआयची पूर्ण लिंक आली, तर स्टाइल ठणठणीत आहे. आता आपल्या नोंदी बघायच्या.

एपीएची सहावी आवृत्ती २००९ ची आणि सातवी ऑक्टोबर २०१९ ची, हे लक्षात असू द्या. सहाव्यात डीओआयच्या आधी 'डीओआय' अक्षरे आणि अपूर्णविराम (:) यायचा, सातव्यात पूर्ण लिंक येते. विभागाने दिलेला नमुना जुना असेल आणि झोटेरोत सातवी निवडलेली असेल, तर सगळी सूची 'चुकीची' दिसेल आणि एकही नोंद चुकीची नसेल. कोणती आवृत्ती हवी ते गाईडकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.

एका ओळीत चार चुका

समजा सूचीत अशी ओळ आली (नमुना म्हणून रचलेली आहे): विठ्ठल, जे. एस. (एन.डी.). इम्पॅक्ट ऑफ ड्रॉट ऑन कॉटन ग्रोअर्स इन मराठवाडा, आणि हे सगळे मोठ्या इंग्रजी अक्षरांत. पुढे 'होम – जर्नल', मग 'रिट्रीव्हड मे ४, २०२४' आणि वेबसाइटचा लांबलचक पत्ता.

ही ओळ उलट वाचायला शिका. 'रिट्रीव्हड' आणि तारीख आली म्हणजे नोंद जर्नल आर्टिकलची नाही, वेब पेजची आहे. एपीए ७ मध्ये जर्नलच्या निबंधाला पाहिल्याची तारीख लागत नाही. 'एन.डी.' म्हणजे तारखेचा रकाना रिकामा आहे किंवा त्यातले वर्ष झोटेरोला कळलेले नाही. 'विठ्ठल, जे. एस.' म्हणजे जर्नलने नाव 'जाधव संजय विठ्ठल' असे आडनाव आधी छापले होते आणि शेवटचा शब्द आडनाव धरला गेला. शीर्षक मोठ्या अक्षरांत म्हणजे वेबसाइटवर होते तसेच उचलले गेले. चारही चुका नोंदीतल्या आहेत आणि मिळून पाच मिनिटांत निघतात.

वेब पेज म्हणून शिरलेला शोधनिबंध

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक ही. ब्राउझरमधल्या झोटेरो कनेक्टरचे चित्र पानागणिक बदलते. निबंधाचे पान ओळखता आले तर लिहिलेल्या कागदाचे चित्र दिसते, अनेक निबंधांची यादी असेल तर फोल्डरचे, आणि काहीच ओळखता आले नाही तर साध्या वेब पानाचे. त्या शेवटच्या चित्रावर क्लिक केले की निबंध वेब पेज म्हणून साठतो: लेखक नाही, खंड नाही, अंक नाही.

निबंधाच्या सारांशाचे पान उघडा, पीडीएफचे नव्हे. पान पूर्ण लोड होऊ द्या. नेट मंद असेल तर चित्र बदलायला वेळ लागतो. झोटेरोचा प्रोग्रॅम मागे चालू ठेवा. चित्र तरीही वेब पानाचेच राहिले तर कनेक्टर सोडा आणि निबंधावरचा डीओआय कांडीच्या चौकटीत टाका. त्या चौकटीत पुस्तकाचा आयएसबीएन आणि पबमेडचा क्रमांकही चालतो.

आधीच शिरलेली नोंद सुधारायची असेल तर उजवीकडच्या माहितीत 'आयटम टाइप'वर क्लिक करून 'जर्नल आर्टिकल' करा. इथे एक सापळा आहे. टाइप बदलला की वेबसाइटचे नाव आपोआप 'पब्लिकेशन' या रकान्यात सरकते, आणि सूचीत 'होम – जर्नल' असे काहीतरी जर्नलचे नाव म्हणून तिरप्या अक्षरांत छापले जाते. टाइप बदलल्यावर पब्लिकेशनचा रकाना हाताने पुसून जर्नलचे खरे नाव लिहायचेच. मग खंड, अंक, पाने आणि तारीख भरा. शब्दशः '&amp;' असे काही जर्नलच्या नावात आले असेल तर त्या जागी साधे 'अँड'चे चिन्ह ठेवा.

आपल्याकडच्या काही छोट्या जर्नलांच्या वेबसाइटवर निबंधाचे वेगळे पानच नसते, सरळ पीडीएफची लिंक असते. ती पीडीएफ झोटेरोत ओढून टाकली की पहिल्या काही पानांत डीओआय शोधला जातो. पीडीएफ म्हणजे नुसती स्कॅन केलेली चित्रे असतील तर काहीच सापडत नाही. अशा वेळी पीडीएफवर राइट क्लिक करून 'क्रिएट पॅरेंट आयटम' घ्या आणि रकाने हाताने भरा. पुन्हा पुन्हा ओढून पाहण्यात अर्थ नाही.

गुगल स्कॉलरच्या 'साइट' (म्हणजे उद्धृत करा) बटणाखालून बिबटेक, म्हणजे नोंदीची तयार फाईल, घेण्याची सवय मात्र सोडाच. त्यात डीओआय नसतो, पहिली नावे बऱ्याचदा आद्याक्षरांवर येतात आणि लेखक जास्त असले की यादी मध्येच तोडून 'अँड अदर्स' लिहिलेले असते. एपीए ७ ला २० लेखकांपर्यंत सगळी नावे हवी असतात. स्कॉलरवर शोधा जरूर, पण नोंद प्रकाशकाच्या पानावरून घ्या.

डीओआय आणि पत्ता: एकाचे दोन, किंवा एकही नाही

डीओआयच्या रकान्यात १० पासून सुरू होणारा भागच लिहायचा. स्टाइलला हवी ती लिंक झोटेरो स्वतः लावतो. पीडीएफमधून कॉपी करताना दोन गोष्टी चिकटून येतात: वाक्याच्या शेवटचे पूर्णविरामाचे टिंब, आणि डीओआय दोन ओळींत मोडला असेल तर मधली मोकळी जागा. दोन्हींनी लिंक मोडते. एपीए ७ मध्येही डीओआयनंतर टिंब देत नाहीत, त्यामुळे कोणी ते टिंब 'राहून गेले' म्हणून घालायला सांगितले तर घालू नका.

डीओआय खरा आहे का हे पाहायला ब्राउझरमध्ये डीओआय डॉट ऑर्ग, तिरकी रेघ आणि मग तो क्रमांक टाका. निबंधाचे पान उघडले पाहिजे. १०.२३०७ ने सुरू होणारे जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहाचे काही क्रमांक दिसतात डीओआयसारखे, पण नोंदवलेले नसतात आणि उघडत नाहीत. असा क्रमांक सूचीत ठेवू नका.

आता ज्याने सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते. जर्नलला डीओआय नाही, नोंदीत पत्ता व्यवस्थित भरलेला आहे, तरी सूचीत पत्ता येत नाही. कारण झोटेरोच्या सेटिंगमध्ये, 'साइट' (उद्धरणाचा, वेबसाइटचा नव्हे) या भागात, छापील निबंधांचे पत्ते संदर्भात घ्यावेत का असे विचारणारी एक चौकट आहे. ती रिकामी असेल तर जर्नल, मासिक आणि वृत्तपत्रातल्या लेखांचा पत्ता फक्त पानांचा रकाना रिकामा असतानाच छापला जातो. म्हणजे तुम्ही काळजीपूर्वक पाने भरलीत की पत्ता गायब! चौकटीत खूण करा, वर्डमध्ये जाऊन रिफ्रेश करा.

ही खूण सगळ्या नोंदींना लागू होते, म्हणून त्यानंतर नोंदी एकदा नजरेखालून घाला. एपीएचा नियम असा: डीओआय असेल तर तोच द्यायचा. डीओआय नसेल आणि निबंध जर्नलच्या स्वतःच्या वेबसाइटवर असेल तर त्याचा पत्ता. जेस्टोरसारख्या डेटाबेसमधून घेतला असेल आणि डीओआय नसेल तर पत्ता द्यायचाच नाही, छापील जर्नलसारखा संदर्भ पुरतो. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचा लेख जेस्टोरवरून काढला असेल तर त्या नोंदीतला पत्ता पुसून टाका.

त्याच साप्ताहिकाबद्दल आणखी एक. नोंद 'मॅगझिन आर्टिकल' झाली असेल तर एपीए कंसात वर्षासोबत महिना आणि दिवसही छापते. ती जर्नल आर्टिकल करा, फक्त वर्ष येईल.

ग्रंथालयाच्या दूरस्थ लॉगिनमधून निबंध उघडला असेल तर पत्त्यात तुमच्या संस्थेच्या सर्व्हरचे नाव मिसळलेले असते. तो पत्ता बाहेरच्या परीक्षकाकडे उघडणार नाही. कनेक्टर बहुधा ते साफ करतो, पण तुम्ही स्वतः कॉपी केलेला पत्ता तसाच राहतो. १ जानेवारी २०२५ पासून 'एक देश एक सदस्यता' योजनेमुळे सरकारी संस्थांत मोठ्या प्रकाशकांची जर्नले खुली झाली आहेत, तेव्हा अशा मार्गाने निबंध घेणारे वाढले आहेत. शक्य तिथे डीओआयच वापरा, पत्त्याची भानगडच राहत नाही.

आडनाव, नाव, वडिलांचे नाव

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून नाव आडनावाने सुरू होते, म्हणून आपल्या भागातली कित्येक जर्नले ते तसेच छापतात. झोटेरोत लेखकाचे दोन रकाने असतात: पहिला आडनावाचा, दुसरा नाव आणि मधल्या नावाचा. उलटे पडले असेल तर लेखकाच्या ओळीवर राइट क्लिक करून 'स्वॅप फर्स्ट/लास्ट नेम्स' घ्या. पण वरच्या नमुन्यासारखे 'विठ्ठल' आडनावात आणि 'जाधव संजय' नावात गेले असेल, तर नुसत्या अदलाबदलीने 'जाधव संजय' आडनाव होईल. ते हातानेच लिहायचे: जाधव एका रकान्यात, संजय विठ्ठल दुसऱ्यात. 'डॉ.' आणि 'प्रा.' काढून टाका. शंका असेल तर त्या लेखकाचे दुसरे दोन निबंध पाहा. इंग्रजीत नाव आधी की आडनाव आधी हे लगेच कळते.

संस्था लेखक असेल तर दोन रकान्यांच्या शेजारचे छोटे बटण दाबून एकच रकाना करा. नाही केला तर 'गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र'चे 'महाराष्ट्र, जी. ऑफ' असे काहीतरी होते. कृषी विभाग, जलसंपदा विभाग, विद्यापीठे, सगळ्यांना हेच लागू.

लेखात मध्येच एखाद्याच उद्धरणात आडनावाआधी आद्याक्षरे उगवतात, 'एस. व्ही. जाधव, २०१९' असे, आणि ती कशानेही जात नाहीत. ही स्टाइलची चूक नाही. लायब्ररीत तोच लेखक एका नोंदीत 'एस. व्ही.' आणि दुसरीत 'संजय विठ्ठल' असा आहे. झोटेरोला ते दोन वेगळे जाधव वाटतात आणि वाचकाला फरक कळावा म्हणून तो आद्याक्षरे जोडतो. सगळ्या नोंदींत नाव अक्षर न् अक्षर सारखे करा, 'एस.व्ही.' आणि 'एस. व्ही.' यांतल्या मोकळ्या जागेनेही फरक पडतो.

'२०१९ए' आणि '२०१९बी' असे आले आणि निबंध मात्र एकच आहे, तर तो लायब्ररीत दोनदा आहे. डावीकडे 'डुप्लिकेट आयटम्स' उघडून दोन्ही नोंदी 'मर्ज' करा. एक नोंद डिलीट करू नका. वर्डमधली काही उद्धरणे त्याच नोंदीला बांधलेली असू शकतात, ती मग सुटी पडतात. मर्ज केल्याने दोन्ही बांधलेली राहतात.

शीर्षकातली मोठी-लहान अक्षरे

झोटेरो साध्या वाक्यासारख्या शीर्षकावरून प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करू शकतो, पण उलट करताना विशेषनाम कोणते हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून नोंदीत शीर्षक वाक्यासारखेच ठेवावे. शीर्षकावर राइट क्लिक, 'ट्रान्सफॉर्म टेक्स्ट', 'सेंटेन्स केस'. त्यानंतर मराठवाडा, जालना, बदनापूर यांची पहिली अक्षरे आणि तुरीच्या बीडीएन ७११ सारख्या वाणांची नावे पुन्हा मोठी करावी लागतात, नाहीतर सूचीत 'मराठवाडा' लहान एमने छापला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठातले विद्यार्थी इथे सर्वांत जास्त अडकतात, कारण त्यांच्या शीर्षकांत वाण, तालुका आणि शास्त्रीय नाव तिन्ही असतात.

शास्त्रीय नाव तिरपे हवे. वर्डच्या सूचीत इटॅलिक केले तर पुढच्या रिफ्रेशला जाते. नोंदीतच, उदाहरणार्थ कजानस कजान या तुरीच्या शास्त्रीय नावाच्या आधी, टोकदार कंसात इंग्रजी लहान आय, आणि नंतर टोकदार कंसात तिरकी रेघ व आय, असा एचटीएमएलचा टॅग घाला. झोटेरो तो ओळखून तेवढा भाग तिरपा करतो.

कृषी आणि विज्ञानाच्या काही स्टाइलमध्ये जर्नलचे संक्षिप्त नाव लागते. वर्डमधल्या 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये मेडलाइन या वैद्यकीय लेखसूचीतली संक्षिप्त नावे वापरण्याची चौकट खूण केलेली असते. मेडलाइनमध्ये नसलेल्या भारतीय जर्नलांसाठी ती खूण काढा आणि नोंदीतल्या 'जर्नल ॲब्रिव्हिएशन' रकान्यात संक्षेप स्वतः भरा.

तारीख

तारखेच्या रकान्याच्या शेवटी झोटेरो फिकट अक्षरांत वाय, एम, डी दाखवतो, म्हणजे वर्ष, महिना, दिवस कुठे कुठे कळले ते. ती अक्षरे दिसली नाहीत तर वर्ष वाचलेच गेलेले नाही. ०४/०५/२०२१ असे लिहिले तर ४ मे की ५ एप्रिल हे संगणकाच्या भाषेवर ठरते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहा.

आधी ऑनलाइन आणि नंतर अंकात आलेल्या निबंधाला दोन वर्षे असतात. घेताना खंड-पाने नव्हती तर ती पुढे आपोआप भरली जात नाहीत. प्रबंध जमा करण्याआधी खंड रिकामा असलेल्या नोंदी काढून प्रकाशकाच्या पानाशी ताडून पाहा. अंक निघाला असेल तर अंकाचे वर्ष, खंड आणि पाने घाला.

प्लॉस वन सारख्या जर्नलांत पानांऐवजी 'ई' अक्षराने सुरू होणारा लेखक्रमांक असतो. एपीए ७ ला त्याआधी 'आर्टिकल' शब्द हवा. त्यासाठी 'पेजेस' रिकामे ठेवून 'एक्स्ट्रा' रकान्यात इंग्रजीत नंबर हा शब्द, अपूर्णविराम (:) आणि तो क्रमांक लिहा.

मराठी संदर्भ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इतिहास, मराठी, समाजशास्त्र, लोकप्रशासन या विषयांत निम्मी सूची देवनागरी असू शकते, आणि झोटेरो घडला आहे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून. तरी तो मराठीसाठी वापरावा, फक्त अडचणी आधी माहीत हव्यात.

शीर्षक कॉपी केले आणि पेस्ट करताच इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा गिचमिडाट झाला, तर पीडीएफ श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहे. ती अक्षरे मुळात रोमन सांकेतिकांकावर बसवलेली असतात. झोटेरोत फॉन्ट बदलून ती मराठी होणार नाहीत. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरे, रफार, पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात नेमके तेच घसरते. एका शीर्षकापुरते इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाने टाइप करणे अधिक लवकर होते.

तारीख देवनागरी अंकांत लिहू नका. '२०१९' असे देवनागरीत लिहिले की झोटेरोला ते वर्ष म्हणून कळत नाही, वाय हे फिकट अक्षर उमटत नाही, आणि त्या लेखकाच्या नोंदींचा वर्षाचा क्रमही विसकटतो. खंड, अंक, पानेही इंग्रजी अंकांत ठेवा. देवनागरी अंक हवेच असतील तर शेवटच्या प्रतीत बदला.

देवनागरी नाव दोन रकान्यांत लिहिल्यावर काही वेळा आडनाव आणि नाव यांमधला स्वल्पविराम गळतो, दोन्ही चिकटतात किंवा आद्याक्षर होत नाही. असे दिसले तर एकच रकाना करून 'जाधव, संजय' असे हवे तसे पूर्ण लिहा; सूचीत ते जसेच्या तसे येईल. मग लेखातल्या कंसातही पूर्ण नाव येते. तिथे उद्धरणाच्या फुग्यावर क्लिक करून 'ओमिट ऑथर' निवडा आणि आडनाव स्वतः टाइप करा.

मराठी नोंदीत 'एट अल.' आणि 'व्हॉल.' इंग्रजीत येतात, कारण हे शब्द अख्ख्या दस्तऐवजाच्या भाषेवरून ठरतात, नोंदीच्या नाही. नोंदीच्या 'लँग्वेज' रकान्यात मराठी लिहूनही ते बदलत नाहीत. 'व इतर', 'खंड' हे शेवटच्या प्रतीतच करायचे.

लेखकाच्या क्रमाने लावलेल्या सूचीत देवनागरी नोंदी रोमन नोंदींच्या खाली एकत्र येतात, त्यामुळे 'मराठी संदर्भ' असा वेगळा भाग करायला एकदाच कापून चिकटवावे लागते. वर्णक्रम मात्र पाहून घ्या. क्षीरसागर हे आडनाव संगणक 'क'मध्ये बसवतो, मराठी क्रमात क्ष आणि ज्ञ शेवटी जातात.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचा प्रबंध जर्नल आर्टिकल किंवा वेब पेज म्हणून ठेवू नका. टाइप 'थिसिस', प्रकारात पीएच.डी. प्रबंध, विद्यापीठाचे नाव त्याच्या रकान्यात, आणि पत्ता हँडलचा घ्या, ज्यात १०६०३ हा आकडा असतो. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी असते; तिचा पत्ता देऊ नका.

वर्डमध्ये काय सांभाळायचे

वर्डच्या ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्डखाली, 'फील्ड शेडिंग' नेहमीसाठी चालू करा. जिवंत उद्धरणे करड्या पट्टीत दिसतात. ज्यावर पट्टी नाही ते हाताने टाइप केलेले आहे, आणि त्याचा संदर्भ सूचीत कधीच येणार नाही. लेखात आहे पण सूचीत नाही, या परीक्षकांच्या आक्षेपाचे हे मुख्य कारण.

उद्धरणात हाताने पान क्रमांक घातला की पुढे झोटेरो विचारतो: तुम्ही हे बदलले आहे, बदल ठेवायचा का? 'येस' म्हटले की ते उद्धरण गोठते. नोंद सुधारा, स्टाइल बदला, ते हलत नाही. 'नो' म्हणा, आणि पान क्रमांक उद्धरणाच्या फुग्यावर क्लिक करून उघडणाऱ्या 'पेज' चौकटीत लिहा. सूचीचेही तसेच आहे: 'एडिट बिब्लिओग्राफी' खिडकीत बदललेली ओळ नोंदीतल्या पुढच्या दुरुस्त्या घेत नाही.

दुसऱ्या ओळीचा समास आत आणि ओळींमधले अंतर दर वेळी बिघडत असेल तर सूची निवडून ते बदलू नका. वर्डमधल्या 'बिब्लिओग्राफी' नावाच्या स्टाइलवर राइट क्लिक, 'मॉडिफाय', आणि तिथे ठरवा. मराठी नोंदींसाठी त्याच जागी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा फॉन्ट आणि आकार वेगळा द्यावा लागतो. निर्मला किंवा कोकिळा चालेल. तो दिला नाही तर देवनागरी अक्षरे शेजारच्या इंग्रजीपेक्षा लहान-मोठी दिसतात.

शेवटचा धोका डीटीपीच्या दुकानात. झोटेरोचे प्लगइन वर्ड, लिब्रेऑफिस आणि गुगल डॉक्ससाठी आहे. फाईल दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह केली की उद्धरणांचे दुवे नष्ट होऊ शकतात, आणि ते वरवर कळत नाही. वर्डमधून लिब्रेऑफिसमध्ये न्यायची असेल तर 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मधले 'स्विच वर्ड प्रोसेसर्स' वापरून न्या.

दुकानात द्यायच्या आधी रिफ्रेश करा आणि मूळ फाईल बंद करून जपून ठेवा. तिची प्रत काढा, प्रतीच्या नावात 'अंतिम' आणि तारीख लिहा. प्रतीत झोटेरो टॅबवर 'अनलिंक सायटेशन्स' दाबा. आता सगळे साधे टेक्स्ट झाले. 'व इतर', मराठी अंक, क्षीरसागर आणि वेगळी मराठी सूची ही कामे या प्रतीत करा, आणि दुकानात हीच द्या. गाईडने नंतर एखादा संदर्भ वाढवायला सांगितला तर तो मूळ फाईलमध्ये टाकून नवी प्रत काढायची. अनलिंक केलेली फाईल परत जोडता येत नाही.